बंदुकीचा परवाना कोणाच्या घरात आहे?

बंदुकीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला वर्तमानपत्री सूर : बंदुका फार झाल्या, गुन्हेगारी वाढली, कायदा-सुव्यवस्था ढासळली. दुसरा सूर आपल्याच तरुणांचा, तो सभेत कमी आणि सभेनंतर चहाच्या टपरीवर जास्त ऐकू येतो : अत्याचार करणाऱ्यांच्या घरात बंदूक आहे, मग आम्हालाही द्या. पहिल्या सुरात जात नाही. दुसऱ्या सुरात जात आहे, पण इतिहास नाही. या देशात बंदूक सर्वांना सारखी सुलभ कधीच नव्हती आणि सर्वांना सारखी दुर्मिळही कधी नव्हती. ती काही घरांत सहज पोचली आणि काही वस्त्यांपर्यंत फक्त तिची गोळी पोचली. म्हणून बंदुका किती, एवढे विचारून भागत नाही. कोणाकडे, आणि कोणाच्या सहीने, हे विचारावे लागते.

सुरुवात इंग्रजांपासून करू, कारण परवान्याचा कागद त्यांनी आणला. १८५७ च्या बंडाने हादरलेल्या सरकारने लोकांकडची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र परवाना लागत नव्हता. हा वर्णभेद शाळेच्या पुस्तकात येतो. पुस्तकात येत नाही ती पुढची गोष्ट : सरकारच्या मर्जीतले संस्थानिक, सरदार, बडे जमीनदार, पदव्या मिळवलेले लोक यांनाही सवलती होत्या. म्हणजे सारा देश निःशस्त्र झाला हे अर्धेच खरे. गढीवरची बंदूक गढीवरच राहिली. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात मुळात बंदूक यायची ती एकाच वाटेने, लष्कराच्या.

आणि ती वाटही याच सुमारास बंद केली गेली. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत, हे आपल्याला पाठ आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्पिढ्या होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. पण १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवली गेली. ज्यांनी बंदूक चालवून इंग्रजांना राज्य मिळवून दिले ते एका फटकाऱ्यात लढायला नालायक ठरले! त्याविरुद्ध १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

या अर्जांमध्ये काय मागितले होते ते नीट पाहा. घरोघरी बंदूक द्या, असे त्यांत नाही. सैन्यात घ्या, पोलिसांत घ्या, असे आहे. हत्यार मागितले ते गणवेशासकट, पगारासकट आणि शिस्तीसकट. आपल्या चळवळीची शस्त्राबद्दलची भूमिका तिथपासून स्पष्ट आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सवर्णांनी परिषदेच्या लोकांवर हल्ले केले. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेली, मनगटात जोर असलेली माणसे पुष्कळ होती. त्यांना फक्त इशारा हवा होता. बाबासाहेबांनी तो दिला नाही आणि प्रकरण कोर्टात नेले. ही दुबळ्याची अहिंसा नव्हती. ज्याच्यामागे लढू शकणारी माणसे उभी आहेत त्याने घेतलेला तो निर्णय होता.

आता संविधान सभेकडे येऊ, कारण आपल्या विषयाचा गाभा तिथे आहे आणि आपल्या व्याख्यानांत तो जवळजवळ कधीच येत नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्या आधारावर डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला ह. वि. कामत यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली की, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क द्यावा. आजचे कलम १९ तेव्हा मसुद्यात कलम १३ होते. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारायला नकार दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : काँग्रेसने ही मागणी केली ती परकीय सरकारने देश निःशस्त्र केला होता म्हणून, आता ती परिस्थिती उरलेली नाही. प्रत्येक माणूस बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला आणि राज्याला त्यावर काही बंधनच घालता आले नाही, तर राज्यकारभार चालणार कसा? आणि शस्त्राची भाषा करायचीच असेल तर ती व्यक्तीच्या हक्काची नको, देशावर वेळ आली असता शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याची हवी.

दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात शस्त्राचा उल्लेख आला तो उलट बाजूने : नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत बंदुकीचा हक्क लिहून ठेवला, आपण लिहिला नाही. तो न लिहिण्यात बाबासाहेबांचा वाटा आहे, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे. आयुष्यभर ज्याच्या समाजावर काठ्या-कुऱ्हाडी चालल्या त्या माणसाने आपल्या लोकांसाठी खासगी बंदूक का मागितली नाही? माझे उत्तर असे की, बंदूक खुल्या बाजारात आली तर ती आधी कोणाच्या घरात जाईल हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि फौजदाराशी ओळख, त्याच्या घरात.

हक्क नाकारला, पण परवाना राहिला. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, १९६२ पासून तो लागू आहे. हा कायदा कधी सावकाश वाचा. त्यात एक कलम आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. असे कलम मुद्दाम घालावे लागले याचा अर्थ काय? त्याआधी मालमत्ता पाहूनच परवाना दिला जात होता, दुसरा काय! पण त्याच कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीची सोय आहे. पीक कोणाचे? ज्याच्या नावे सातबारा आहे त्याचे. भूमिहीन मजुराला राखायला पीकच नाही. जिवाला धोका आहे म्हणून अर्ज करायचा तर कलेक्टर अहवाल मागवणार जवळच्या पोलीस ठाण्याकडून. म्हणजे ज्या ठाण्यात अत्याचाराची फिर्याद नोंदवून घ्यायला दिवस लावतात, तेच ठाणे सांगणार की याच्या जिवाला धोका आहे की नाही. कागदावर जात कुठेच नाही, कागद ज्या रस्त्याने फिरतो त्या रस्त्यावर मात्र सगळीकडे आहे. वर दीर्घकाळ एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आणल्या. त्याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली. वरातीतल्या गोळीबारासाठी संसदेला कायदा करावा लागला, यावरून बंदूक कशासाठी बाळगली जाते ते कळते. ती गावाला दाखवायची असते.

दाखवायची बंदूक जेव्हा चालते तेव्हा काय होते, हे पाहायचे तर बिहारकडे जावे लागते. २७ मे १९७७, पाटणा जिल्ह्यातले बेलछी. अकरा माणसांना गोळ्या घालून जाळले, त्यांतले आठ दलित होते. मारणारे कुर्मी जमीनदार होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या भाषणांत 'मनुवादी' म्हटले की फक्त ब्राह्मण डोळ्यांपुढे येतो. बिहारच्या जातसेनांची यादी पाहिली तर कुर्मींची भूमी सेना दिसते, यादवांची लोरिक सेना दिसते, आणि सर्वांत क्रूर ठरली ती भूमिहारांची रणवीर सेना. जमीन हाती आली की मधल्या जातीही गढीसारख्याच वागतात. बहुजन ऐक्याची घोषणा देताना हे विसरून चालणार नाही.

भांडण कशाचे होते? मजुरीचे. सरकारने ठरवलेली किमान मजुरी द्या, गावाच्या पडीक जमिनीत वाटा द्या, बायाबापड्यांची इज्जत राखा. या मागण्या घेऊन दलित आणि अतिमागास मजूर डाव्या संघटनांमध्ये जमू लागले. त्यावर उत्तर म्हणून १९९४ साली भोजपूर जिल्ह्यातल्या बेलाऊरमध्ये रणवीर सेना उभी राहिली. सरकारने तिच्यावर १९९५ मध्ये बंदी घातली. बंदीनंतर काय झाले? ११ जुलै १९९६, बथानी टोला : भर दिवसा २१ जण मारले, बहुतेक बायका आणि मुले. १ डिसेंबर १९९७, लक्ष्मणपूर बाथे : रात्री सोन नदी ओलांडून टोळी आली आणि ५८ जणांना मारून गेली. जानेवारी १९९९ मध्ये शंकरबिघा, फेब्रुवारीत नारायणपूर. संघटनेवर बंदी होती, तिच्या बंदुकांवर नव्हती. सेनेच्या माणसांकडे बेकायदा हत्यारे होतीच, पण त्यांच्या घरांत परवान्याच्या बंदुकाही होत्या, सरकारी शिक्क्याच्या.

काठी आणि बंदूक यांतला फरक इथे कळतो. काठीने वस्ती मारायची तर सगळे गाव उठवावे लागते, गोंधळ होतो, वस्ती सावध होते, प्रतिकार होतो, मारणाऱ्यालाही मार बसतो. बंदूक असली की थोडी माणसे पुरतात, तीही अंधारात, दुरून. बंदूक जातद्वेष निर्माण करत नाही, तो आधीच असतो. ती त्या द्वेषाची किंमत कमी करते. खून करणाऱ्याला खून स्वस्त पडतो.

पुढे न्यायालयातही तो स्वस्तच पडला. बथानी टोल्यात सत्र न्यायालयाने २३ जणांना दोषी ठरवले, २०१२ साली पाटणा उच्च न्यायालयाने सगळे सोडले. बाथे प्रकरणात २६ दोषी ठरले, त्यांतल्या १६ जणांना फाशी सुनावली गेली, २०१३ साली सगळे सुटले. सेनेला राजकीय पाठबळ कोणाचे होते हे शोधायला नेमलेला न्या. अमीर दास आयोग २००६ मध्ये गुंडाळला गेला. ५८ प्रेते आणि दोषी एकही नाही.

आता 'आम्हालाही बंदुका द्या' म्हणणाऱ्या मित्रांशी थेट बोलतो. तुमच्या संतापाशी माझे भांडण नाही. पण बिहारमध्ये हा प्रयोग झालेला आहे, त्याचा हिशेब पाहा. मे १९८७ मध्ये दलेलचक-बघौरा इथे सशस्त्र नक्षल गटाने गाव घेरून पन्नासहून अधिक राजपुतांना मारले. फेब्रुवारी १९९२ मध्ये बारा गावात तीसहून अधिक भूमिहार मारले गेले. मार्च १९९९ मध्ये शंकरबिघा-नारायणपूरचा सूड म्हणून सेनारीत ३४. सेनारीनंतर हिशेब मिटला का? जून २००० मध्ये मियांपूरला रणवीर सेनेने पुन्हा तीसहून अधिक माणसे मारली. मेलेल्यांत दोन्ही बाजूंची पोरे-बाया होत्या. आणि प्रत्येक वेळी बंदूक उचलणारे गट जंगलात, नदीपलीकडे निघून गेले. सूडाची गोळी झेलायला मागे राहिली ती वस्ती, जिला पळायला जागा नव्हती. मजुरी वाढली असेल तर ती संपाने आणि संघटनेने वाढली. सेनारीने कोणाची मजुरी वाढली?

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे उदाहरण यावर हमखास दिले जाते. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, त्याचे लोक उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत. कॅलिफोर्नियात तेव्हा ते कायदेशीर होते. मग काय झाले? १९६७ मध्येच कायदा बदलला, भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगायला बंदी आली आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदुकीच्या हक्कासाठी गळा काढणारे गोरे काळ्यांच्या हातात बंदूक दिसताच बंदीवाले झाले. दलित पँथरने १९७२ साली नाव तिथून घेतले, बंदूक घेतली नाही. १० जानेवारी १९७४ च्या मोर्चावर वरून दगडी पाटा टाकून भागवत जाधवांचा जीव घेतला गेला, तरीही घेतली नाही. नाव घेणारे ते तरुण भित्रे होते, असे आज कोण म्हणेल?

प्रश्न असा येतो, आणि तो रास्त आहे, की बाबासाहेबांनी शस्त्र राज्याच्या हाती ठेवले, पण राज्याची बंदूक तरी आपल्या बाजूने चालते का? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, तो जामिनावर बाहेर आला. याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. एवढे मात्र दिसते की रमाबाई नगरनंतर आयोग बसवता आला, अधिकाऱ्यावर खटला चालवता आला, कारण त्या बंदुकीचा नंबर सरकारी नोंदीत होता आणि ती चालवण्याचा हुकूम देणाऱ्याला नाव होते. गढीवरच्या बंदुकीला तेवढेही उत्तरदायित्व नसते.

आता महाराष्ट्र. आपल्याकडच्या बहुतेक अत्याचारांत बंदूक नव्हती हे मान्य करायला हवे. खैरलांजीला ती लागली नाही. पण म्हणून निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीच्या दलित सुरक्षा रक्षकाला खंडणीखोरांनी मारहाण केली, त्यात ते मध्ये पडले होते. हत्या मारहाण करून झाली, गोळीने नव्हे. पण त्यानंतर बाहेर आले की एकट्या बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्र परवाने आहेत. हवेत गोळ्या झाडतानाचे, कंबरेला पिस्तूल लावलेले व्हिडिओ फिरू लागले. ओरड झाल्यावर प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. जे ओरड झाल्यावर रद्द होऊ शकले ते आधी दिले कसे गेले? कोणाच्या शिफारशीने? हे विचारले गेले नाही.

कोणी म्हणेल, खून तर बहुतेक बेकायदा कट्ट्याने होतात, परवान्यामागे का लागता? खरे आहे, देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बिनपरवाना हत्यारांचाच वाटा मोठा आहे. मुंगेरमध्ये मीर कासिमने १७६० च्या दशकात तोफा-बंदुकांचा कारखाना काढला, ती कारागिरी आजही आहे, आणि तिथले गावठी हत्यार देशभर पोचते. पण काडतुसाशिवाय कट्टा म्हणजे लोखंडी नळी. कारखान्यात बनलेले काडतूस दुकानात मिळते ते परवान्यावर. परवानाधारकाच्या कोट्यातली काडतुसे कट्टेवाल्यांकडे कशी जातात, हे पोलिसांच्या तपासांत वारंवार निघाले आहे. शिवाय परवान्याची बंदूक चालावी लागत नाही. मजूर मजुरी मागायला आला की ओसरीवर ती पुसत बसले तरी काम होते. असल्या दहशतीचा गुन्हा कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

आणि याचा इलाज कायद्यात लिहिलेला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याखालचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ काढून वाचा. ज्या भागात अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग सरकारने निश्चित करायचा. आवश्यक वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करायचे आणि हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारे जप्त करायची, त्यांची निर्मिती थांबवायची. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे. या देशाच्या कायद्याने लेखी मान्य केले आहे की बंदुकीला जात असते. आपले लोक या नियमातले परवाने देण्याचे वाक्य तेवढे मोबाईलवर पाठवतात, 'दलितांना बंदुकीचा परवाना मिळतो' म्हणून. ती नंतर येणारी तरतूद आहे. नियमाचा क्रम पाहा, आधी त्यांची काढा असे तो सांगतो. आपण ते कधी मागितले?

मागायचे कसे, तेही सांगतो. शस्त्र परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी. याच नियमांतल्या नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही जिल्हाधिकारीच. ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा भरली पाहिजे. म्हणजे बंदूक देणारी आणि अत्याचाराचा आढावा घेणारी खुर्ची एकच आहे. माहिती अधिकारात चार प्रश्न टाका : जिल्ह्यात चालू परवाने किती, तालुकावार. अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केलेली गावे कोणती आणि त्या गावांत परवाने किती. अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपी असलेल्यांपैकी किती जणांकडे परवाना आहे. नियम ३ खाली १९९५ पासून आजवर किती परवाने रद्द झाले आणि किती हत्यारे जमा झाली. उत्तर आले की ते घेऊन समितीवरच्या आपल्या सदस्यांना भेटा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घालायला लावा. बैठकीचे इतिवृत्त मागून घ्या, तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नका.